गिझर चालू, पण पाणी कोमटच: कॉइल बदलण्याआधी काय तपासायचं

नागपुरात गिझरच्या तक्रारी दिवाळी उलटली की सुरू होतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, त्यामुळे मार्चपासून गिझरकडे कोणी बघत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. तोवर सात-आठ महिने पडून असलेल्या यंत्राकडून पहिल्याच सकाळी पूर्ण कामाची अपेक्षा असते. घर बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर अशा भागात असेल आणि गिझरला बोअरचं पाणी जात असेल, तर आत क्षारही साचलेले असतात. मिस्त्री येतो, कॉइल बदलतो, पुढच्या थंडीत पुन्हा तीच कॉइल, तीच तक्रार. जुनी कॉइल कशामुळे गेली हे कोणी पाहिलंच नाही, तर नवी तरी कशी टिकणार?

खालची माहिती भिंतीवरच्या १० ते २५ लिटरच्या, २ किलोवॅटच्या साठवणीच्या गिझरची आहे. ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. गॅस गिझरला यातलं काही लावू नका.

लक्षणं

पाणी कोमट येतं, किंवा अर्धी बादली गरम आणि मग एकदम थंड.
दिवा लागतो, पण अर्ध्या तासानंतरही पाणी थंडच.
दिवाच लागत नाही.
बटण दाबताच एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो; किंवा पाच-दहा मिनिटं चालून मग पडतो.
तापताना आतून सूं-सूं, कडकड आवाज येतो.
गरम नळाची धार बारीक, थंड नळाची मात्र जोरात.
गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास, किंवा त्यात पांढरे कण.
खालून पाणी ठिबकतं.
नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही तपासू नका. गिझरचा एमसीबी पाडा, बाथरूम वापरणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. झिणझिण्या येतात याचा अर्थ करंट कुठून तरी गळतोय आणि अर्थिंग तो जमिनीत नेत नाही. हे दोन्ही दोष एकत्र असताना ओल्या अंगानं नळ धरणं जिवावर बेततं.

आधी घड्याळ लावा

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि सगळ्यात जास्त सांगणारीही. रात्रभर बंद असलेला गिझर सकाळी चालू करा, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, ६० वर ठेवा, नळ उघडू नका, आणि तापण्याचा दिवा किती मिनिटांनी विझतो ते बघा. टाकीतलं पाणी १५ अंश धरलं तर २ किलोवॅटच्या कॉइलला १० लिटरसाठी साधारण १६ मिनिटं, १५ लिटरसाठी २४ आणि २५ लिटरसाठी ३९ मिनिटं लागतात. तीन-चार मिनिटं इकडेतिकडे चालतील.

१५ लिटरच्या गिझरचा दिवा सात मिनिटांत विझला, तर पाणी तापून झालेलं असणं शक्यच नाही. सात मिनिटांत ते जेमतेम १३ अंशांनी चढतं. म्हणजे थर्मोस्टॅट वेळेआधी तोडतोय. बोअरच्या पाण्यात याचं नेहमीचं कारण असं: थर्मोस्टॅट ज्या नळीत बसतो ती नळी आणि कॉइल यांच्यामध्ये क्षाराचा गठ्ठा जमतो, आणि थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी कॉइलचीच उष्णता लागते. अशा वेळी नुसता थर्मोस्टॅट बदलून काही होत नाही. आतली सफाईच लागते.

दिवा वेळेवर विझला आणि पाणीही कडक आहे, पण बादलीभर पुरत नाही, तर गिझर ठीक आहे. ६० अंशांचं पाणी १६ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांची २० लिटरची बादली करायला सुमारे ११ लिटर गरम पाणी लागतं. थर्मोस्टॅट ५० वर असेल तर १४ लिटर. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमधून हिवाळ्यात एका तापवणीत एक बादली, फार तर सव्वा. चौघांना लागोपाठ आंघोळ करायची असेल तर मध्ये वीस-पंचवीस मिनिटं द्यायलाच हवीत.

३ लिटर, ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरला मिनिटाला ३ लिटर धार सोडली तर तो पाणी फक्त १४ अंशांनी तापवतो. १६ चं ३० होतं, आणि ते कोमटच लागणार. नळ बारीक करा. शॉवरसाठी हा गिझर नागपूरच्या जानेवारीत अपुरा आहे, त्यात दुरुस्तीला वाव नाही.

कॉइल वीज घेते का, हे मीटर सांगतो

घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. मग फक्त गिझर चालू करून महावितरणच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा मोजा. एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेलं असतं. तिथे ३२०० असेल, तर २ किलोवॅटला १५ सेकंदांत सुमारे २७ वेळा लुकलुकायला हवं. १६०० असेल तर १३-१४ वेळा. आकडा जुळला म्हणजे कॉइल शाबूत आहे आणि पूर्ण ताकदीनं चालू आहे. मग पाणी थंड का, याचं उत्तर प्लंबिंगमध्ये शोधा.

दिवा अगदी सावकाश लुकलुकत असेल, तर कॉइलपर्यंत वीज पोचत नाही किंवा कॉइल तुटली आहे. आकडा अर्धवट, म्हणजे ३२०० च्या मीटरवर १८-२० च्या आसपास आला, तर व्होल्टेज कमी आहे. सकाळी सहा ते आठ सगळ्या गल्लीत गिझर चालू असतात आणि लाइनच्या टोकाच्या घरात व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १३६५ वॅट देते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २४ मिनिटांचं काम मग ३५ मिनिटांवर जातं. सॉकेटमध्ये लावायचा साधा व्होल्टमीटर घेऊन सकाळी आणि दुपारी आकडा बघा. दुपारी २३० आणि सकाळी १९० असेल तर महावितरणकडे तक्रार नोंदवा. फक्त तुमच्याच घरी पडत असेल, तर घरातलं वायरिंग किंवा सैल जोड.

थंड पाणी मागून घुसतंय का?

हे फार कमी ठिकाणी तपासलं जातं, आणि सिंगल लिव्हर मिक्सर असलेल्या बाथरूममध्ये कोमट पाण्याचं कारण अनेकदा हेच निघतं. गिझरच्या खालचा, थंड पाणी आत नेणारा अँगल कॉक पूर्ण बंद करा आणि बाथरूमचा गरम नळ उघडा. दोन-चार सेकंदांत धार थांबायला हवी. पाणी येतच राहिलं, तर ते गिझरमधून येत नाहीये. मिक्सर किंवा डायव्हर्टरच्या आतून थंड लाइन गरम लाइनमध्ये मिसळतेय. घरात त्याच लाइनवर दुसरा मिक्सर असेल, वॉश बेसिनचा किंवा हेल्थ फॉसेटला जोडलेला, तर तोही बघा. मिक्सरच्या आतली कार्ट्रिज, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा भाग, बदलली की काम होतं. जुनी कार्ट्रिज दुकानात सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.

गिझर नुकताच बसवला असेल तर नळ्या उलट जोडल्या नाहीत ना, तेही पाहा. निळी खूण म्हणजे पाणी आत, लाल म्हणजे बाहेर. उलट जोडल्या तर थंड पाणी वरून पडतं, गरम पाण्यात मिसळतं आणि तळाचं कोमट पाणी नळाला येतं.

गरम नळाचीच धार बारीक असेल, तर अँगल कॉकमधली जाळी, सेफ्टी व्हॉल्व्हमधला एकेरी पडदा आणि नळाच्या तोंडची जाळी या क्रमानं उघडून धुवा. गच्चीवरची टाकी धुतल्यावर सुटलेला गाळ इथेच येऊन अडकतो.

प्लग आणि सॉकेट

वीस मिनिटं चालवून एमसीबी पाडा, मग प्लग काढून पिनांना हात लावा. किंचित कोमट असणं ठीक. हात ठेवता येत नसेल, पिन काळी पडली असेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. २ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर आणि ३ किलोवॅटला १३ अँपिअर करंट लागतो. त्यामुळे ६ अँपिअरचं सॉकेट किंवा मल्टिप्लग गिझरला कधीच चालत नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, त्याचा स्वतंत्र एमसीबी आणि २ किलोवॅटला निदान २.५ चौरस मिलिमीटरची, ३ किलोवॅटला ४ ची तांब्याची वायर हवी. पाच-दहा मिनिटांनी एमसीबी पडतो तेव्हा बहुधा सैल स्क्रूमुळे तापलेला जोड किंवा थकलेला एमसीबीच कारण असतो. पण म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी टाकू नका. मग एमसीबीच्या आधी वायर जळेल.

इथपर्यंत गिझरचं झाकण उघडायची गरज पडत नाही. पुढचं काम मल्टिमीटर हाताळता येणाऱ्यानंच करावं. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी कार्ड वाचा.

झाकणाखाली

एमसीबी पाडा आणि प्लगही काढा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण फेज-न्यूट्रल उलट जोडलेले असतील तर बटण बंद असतानाही कॉइलला फेज असते. झाकण काढल्यावर आधी डोळ्यांनी पाहा: वितळलेली वायर, हिरवट-पांढरी बुरशी आलेलं टर्मिनल, ओल.

थर्मोस्टॅटजवळ थर्मल कट-आउटचं लहान बटण असतं. ते उडालं असेल तर दाबल्यावर टिक् असा आवाज येतो आणि गिझर चालू होतो. पण पाणी प्रमाणाबाहेर तापल्याशिवाय कट-आउट उडत नाही. एकदा दाबा. पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट चिकटलेला आहे, तो बदला. कट-आउटच्या दोन वायरी एकत्र जोडून गिझर चालवण्याचा जुगाड कोणी सुचवला तर ठामपणे नाही म्हणा. बिघडलेला थर्मोस्टॅट आणि जोडून टाकलेला कट-आउट यांच्यानंतर पाण्याला उकळण्यापासून रोखणारं काहीच उरत नाही.

कॉइलच्या दोन्ही वायरी सुट्या करून रोध मोजा. २ किलोवॅटला २६ ओहमच्या आसपास, ३ किलोवॅटला १७-१८. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मग कॉइलचं एक टोक आणि गिझरचा धातूचा भाग यांच्यामध्ये मोजा. इथे साध्या मल्टिमीटरनं काहीही दाखवता कामा नये. थोडाही रोध दाखवला तर कॉइलचं आवरण फुटलं आहे. बटण दाबताच आरसीसीबी पडतो तो बहुधा यामुळेच. मात्र मल्टिमीटरनं ‘ठीक’ दाखवलं तरी कॉइल निर्दोष ठरत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरनं (जास्त व्होल्टेज देऊन आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरनं) तपासावं लागतं, ते काम इलेक्ट्रिशियनचं.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडण्यामागे एक वेगळं कारण असू शकतं. कॉइलच्या आत तारेभोवती जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल शोषून घेते. पावसाळाभर बंद राहिलेल्या गिझरमध्ये टोकाचं सील कमजोर असेल तर ही ओल करंट गळायला पुरते. टर्मिनल कोरडी पुसून, झाकण बसवून एकदा पाहा. तरीही पडला तर कॉइल बदलावी. आरसीसीबी काढून किंवा टाळून गिझर चालवणं हा उपाय होऊ शकत नाही.

कॉइल बाहेर काढणं: खरा दोष इथे दिसतो

क्षारामुळे पाणी तापायला वेळ लागतो असा समज आहे. प्रत्यक्षात कॉइल जेवढी वीज घेते तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच जाते, थर असो वा नसो. थराचं नुकसान दुसरीकडे होतं. उष्णता बाहेर पडायला अडते, कॉइल आतून कितीतरी जास्त तापते, आवरण तडकतं आणि ती जळते. तापताना येणारा कडकड आवाज थराखाली अडकलेल्या पाण्याचे बुडबुडे फुटल्याचा. हा आवाज यायला लागला की कॉइल जळायची वाट न पाहता सफाई करा. अजून कॉइल वाचते.

वीज तोडून, पाणी थंड होऊ द्या. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा, आत येणारी नळी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवा, खाली बादली ठेवा आणि गरम नळ उघडा. त्यातून हवा आत गेली की सगळं पाणी खाली उतरतं. व्हॉल्व्ह तसाच ठेवलात तर त्यातला पडदा पाणी परत जाऊ देत नाही आणि टाकी भरलेलीच राहते. मग फ्लँजचे (कॉइल ज्या गोल झाकणाला बसवलेली असते त्याचे) बोल्ट उघडताना सगळं पाणी अंगावर आणि वायरींवर येतं.

बोल्ट सोडून कॉइल सरळ खाली ओढा. क्षारानं फुगलेली कॉइल भोकातून निघत नसेल तर जोर करू नका, हातानं खपल्या मोडत काढा. टाकीच्या तळाशी साचलेला चुरा हातानं आणि थोडं पाणी सोडून काढून टाका. कॉइलवर हातोडी किंवा पेचकस चालवू नका, आवरण पातळ असतं. दोन लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून, टर्मिनल कोरडी राहतील अशा बेतानं कॉइल तास-दोन तास बुडवून ठेवा. थर फसफसून सुटतो. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते कॉइलचं आवरणच खातं. आणि बुडवण्याआधी ॲनोड काढून ठेवा, कारण मॅग्नेशियम सायट्रिक ॲसिडमध्ये विरघळतं.

ॲनोड म्हणजे फ्लँजला लागलेली मॅग्नेशियमची कांडी. ती स्वतः झिजते आणि टाकीचं लोखंड वाचवते. काचेचा मुलामा दिलेल्या टाकीला ती हवीच. मधली तार दिसू लागली किंवा जाडी निम्म्यावर आली की बदला. बोअरच्या पाण्यावर दर वर्षी पाहणं बरं. कॉइल दोनदा बदललेली आणि ॲनोड मूळचाच, असे गिझर खूप सापडतात. त्यांची टाकीच पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत फुटते, आणि मग सगळा गिझर फेकावा लागतो. गरम पाण्याला येणारा सडक्या अंड्यांचा वासही याच कांडीशी जोडलेला आहे: पडून राहिलेल्या पाण्यातले जिवाणू सल्फेटपासून तो वायू बनवतात आणि मॅग्नेशियममुळे त्यांना मदत होते. टाकी पूर्ण रिकामी करा, धुवा, मग एकदा थर्मोस्टॅट पूर्ण वर ठेवून तापवलेलं पाणी काढून टाका. ॲनोड काढून फेकणं हा त्यावरचा उपाय नाही.

नवी कॉइल घ्यायची तर जुनी सोबत घेऊन जा. वॅट, आकार, फ्लँजची भोकं आणि थर्मोस्टॅटच्या नळीची लांबी जुळली पाहिजे, आणि आयएसआय खूण हवी. जड पाण्यासाठी इन्कोलॉय या मिश्रधातूच्या आवरणाची मिळाली तर ती घ्या. गॅस्केट प्रत्येक वेळी नवीन. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा; एकाच बाजूनं आवळलं तर गॅस्केट तिरकं बसून ठिबकतं. मग गरम नळ उघडा ठेवून टाकी भरा. नळातून फडफड थांबून सलग धार येईपर्यंत वीज देऊ नका, कारण कोरडी कॉइल बघता बघता जळते. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतरही हीच खबरदारी घ्या. पंधरा मिनिटं थांबून खालचा भाग कोरडा आहे ना ते पाहा, मग एमसीबी लावा.

ठिबकणारा व्हॉल्व्ह

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून थोडं पाणी येणं हा दोष नाही. १५ लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर जाताना जवळपास पाव लिटरनं फुगतं आणि मागे जायला वाट नसेल तर इथूनच बाहेर पडतं. गिझर थंड असतानाही सतत ठिबकत असेल, तर बैठकीवर क्षार अडकलाय. टोपीवरची लहान दांडी दोन-तीनदा उचलून पाणी वाहू द्या; नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. ती नळी बूच लावून बंद करू नका.

इथे थांबा

नळातून वाफ येत असेल किंवा बंद असतानाही पाणी उकळतंय असं वाटत असेल, तर मेन एमसीबी पाडा, झाकण उघडू नका, दोन-तीन तास निवू द्या आणि मेकॅनिकला बोलवा. बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून किंवा आतल्या फोममधून पाणी येत असेल तर टाकी फुटली आहे. तिला वेल्डिंग किंवा एम-सील लावून चालवू नका, वॉरंटी पाहा नाहीतर गिझर बदला. नवी कॉइल घालूनही आरसीसीबी पडला, वायर भिंतीत तापत असेल किंवा घराच्या अर्थिंगबद्दल शंका असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा. काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की माती आकसून पट्टीपासून सुटते. दर वर्षी उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओता आणि हिवाळ्याआधी अर्थिंग मोजून घ्या.

कॉइल पुन्हा पुन्हा जाऊ नये म्हणून

घरात महापालिकेच्या पाण्याची आणि बोअरची अशा दोन टाक्या असतील, तर गिझरची लाइन महापालिकेच्या टाकीवर घ्या. पेंच आणि कन्हानचं पाणी बोअरइतकं जड नसतं, आणि प्लंबरचं एका दिवसाचं काम कॉइलचं आयुष्य वाढवतं. फक्त बोअर असेल तर थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा. ६० च्या वर क्षार झपाट्यानं बसतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर जडपणा कळत नाही, थेंब टाकून रंग बघायची हार्डनेस किट वापरा. लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर आकडा असेल तर सफाई दर वर्षी, दिवाळीच्या आधी करा. सॉफ्टनर बसवलात तर क्षार थांबतो, पण ॲनोड जास्त वेगानं झिजतो, म्हणून तो सहा महिन्यांनी पाहा.

फेब्रुवारीअखेर गिझर बंद करताना टाकी रिकामी करू नका. अर्धवट ओल्या टाकीत हवा शिरून गंज धरतो, आणि ॲनोड पाण्यात बुडलेला असेल तरच काम करतो. एकदा पाणी वाहवून गाळ काढा, पुन्हा पूर्ण भरा, एमसीबी पाडा आणि प्लग काढून ठेवा.